कंबरदुखी, ‘गॅप’ आणि एमआरआयचा कागद

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपले वय ४३, राहणे खानापूर तालुक्यात, घरची भातशेती, गोठ्यात तीन म्हशी आणि रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन बेळगावला येणारा टेम्पो. कंबर दुखू लागून १४ महिने झाले. दुखणे अधूनमधून डाव्या कुल्ल्यात आणि मांडीच्या मागच्या बाजूला उतरते, पण गुडघ्याखाली जात नाही. एमआरआयच्या कागदावर कमरेच्या शेवटच्या दोन गाद्या झिजलेल्या आणि फुगलेल्या असल्याचे लिहून आले आहे. एका डॉक्टरांनी ‘मणक्यात गॅप आहे, ऑपरेशन करून घ्या’ असे सांगितले, दुसऱ्यांनी पट्टा बांधून विश्रांती घ्यायला सांगितले, आणि आठ महिने पट्टा वापरूनही फरक पडलेला नाही. रात्रीच्या गोळीने सकाळी टेम्पो चालवताना झापड येते. हा गॅप कोणत्या औषधाने भरून येईल, आणि ६८ वर्षांच्या आईचीही कंबर धरलेली असल्यामुळे हे दुखणे घराण्यातूनच आले आहे काय, असे आपण शेवटी विचारता.

मी गेली २६ वर्षे बेळगावात अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे. वडगाव-शहापूरचे विणकर, निपाणीकडच्या दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायका, चिकोडी-अथणी भागातले ऊसतोड करणारे, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारे आणि आपल्यासारखे चालक, असे सर्व प्रकारचे लोक कंबर धरून माझ्याकडे येतात. कोणी ‘उसण भरली’ म्हणतो, कोणी कानडीत ‘सोंटनोवु’ म्हणतो. माणूस समोर नसताना निदान करता येत नाही, हे आधीच सांगतो. पायाच्या स्नायूंची ताकद, स्पर्शाची जाणीव, गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडी मारल्यावर मिळणारा प्रतिसाद, आणि उताणे झोपवून पाय सरळ वर उचलल्यावर नेमके कुठे दुखते, या चार गोष्टी तपासल्यानंतर माझे पुढचे म्हणणे बदलूही शकते. तरीही आपण लक्षणे बारकाईने लिहिली आहेत, त्यामुळे विचार कोणत्या दिशेने करावा एवढे नक्की सांगता येईल.

माझ्या दृष्टीने गॅप कसा भरावा हा आपला खरा प्रश्न नाही. आपल्याला एकमेकांच्या उलट असे दोन सल्ले मिळाले आणि दुखणे कोणत्या जातीचे आहे हे मात्र कोणीच सांगितले नाही, ही खरी अडचण आहे. जात कळल्याशिवाय उपचार ठरत नाही, आणि जात एमआरआयच्या कागदावरून फारच थोड्या वेळा कळते.

आधी त्या ‘गॅप’ शब्दाविषयी सांगतो. आपल्या भागात हा शब्द इतका रुळला आहे की रुग्ण आत येताच ‘डॉक्टर, मला गॅप आहे’ असे सांगतात, जसे कोणी मधुमेह आहे असे सांगावे. वास्तविक दोन मणक्यांमध्ये जागा ही प्रत्येकालाच असते आणि त्या जागेत गादी असते. गादीच्या कडेला चिवट तंतूंची कडी असतात आणि आत पाण्याचा भरपूर अंश असलेला मऊ गर असतो. वय वाढते तसे त्या गरातले पाणी कमी होते, गादीची उंची थोडी घटते आणि तिची कड किंचित बाहेर येते. म्हणजे एक्स-रेत जे दिसते ते दोन मणक्यांमधले अंतर कमी झाल्याचे दिसते, आणि रुग्णाच्या मनात मात्र भिंतीला तडा जावा तसे मणके एकमेकांपासून सुटल्याचे चित्र उभे राहते. या गैरसमजाने होणारे नुकसान मी थोडे मानत नाही. वडगावचा एक विणकर गॅप वाढेल या भीतीने दोन वर्षे स्वतःच्या मुलीला उचलून घेत नव्हता. तपासले तेव्हा त्याच्या पायात ना अशक्तपणा होता ना बधिरता. त्याची पाठ मात्र न वापरल्यामुळे इतकी कमजोर झाली होती की पाण्याची घागर उचलतानाही तिला कळ येत असे.

फुगलेली गादी दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे समजणेही बरोबर नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढण्यात आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीत फुगवटा आढळला, आणि सर्व गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतील तीन हजारांहून अधिक, काहीही न दुखणाऱ्या माणसांची आकडेवारी एकत्र करण्यात आली. चाळिशीतल्या सुमारे ६८ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आणि ५० टक्के लोकांच्या फुगलेल्या होत्या. ऐंशीच्या घरात झिजेचे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. आपल्या गावातल्या आपल्याच वयाच्या, कधी कंबरेवर हातही न ठेवलेल्या दहा जणांना यंत्रात झोपवले, तर त्यांतल्या पाचांच्या कागदावर आपल्यासारखीच ओळ उमटण्याचा संभव आहे. केस पिकण्याइतकीच ही गोष्ट सामान्य आहे, पण तिला इंग्रजी नाव दिले आणि खाली सही-शिक्का आला की तिचा आजार होतो. १९३४ साली मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकी डॉक्टरांनी फाटलेली गादी शिरेवर दाबल्यामुळे पाय दुखतो हे दाखवून दिले, आणि तो शोध खरोखरच मोठा होता. मात्र तेव्हापासून पाठीतल्या प्रत्येक कळेचे खापर गादीवरच फोडायची आमच्या व्यवसायाला सवय लागली.

मग जात ओळखायची कशी? मी रुग्णाला दुखण्याचे वेळापत्रक विचारतो. ते केव्हा वाढते, केव्हा कमी होते, रात्री काय करते, पायात उतरते का आणि उतरले तर कुठवर, ताप येतो का, वजन घटले का. या प्रश्नांना दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि त्यांची उत्तरे बहुधा यंत्रापेक्षा अधिक सांगून जातात.

सर्वांत आधी, अगदी क्वचित घडणारी पण थांबायला वेळ न देणारी गोष्ट. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, घोड्यावर बसताना खोगीर जिथे टेकते तेवढा भाग बधिर होणे, दोन्ही पायांतली शक्ती झपाट्याने जाणे, यांपैकी काहीही झाले तर मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेला आहे असे मानून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे शस्त्रक्रियेचा निर्णय तासांत घ्यावा लागतो. आपल्या लिहिण्यात असे काही नाही, ही समाधानाची बाब आहे.

दुसरा विचार जंतुसंसर्गाचा, आणि आपल्या घरी म्हशी असल्यामुळे इथे मी थोडा रेंगाळणार आहे. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजूनही दिसतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले म्हणून तो पॉटचा आजार म्हणूनही ओळखला जातो. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री फुटणारा घाम, घटलेले वजन, मेलेली भूक, आणि झोपूनही न थांबणारे किंवा एका ठरावीक मणक्यावर बोट दाबताच उठणारे दुखणे, अशी त्याची ओळख असते. वेळीच सापडला तर साधारण वर्षभराच्या औषधांनी तो बरा होतो आणि ही औषधे सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात. उशीर झाला तर मणका खचतो, पाठीला कुबड येते आणि पायांतली शक्तीही जाऊ शकते.

ब्रुसेलोसिस हा दुसरा संसर्ग शहरातल्या डॉक्टरांच्या चटकन ध्यानात येत नाही. गाभण म्हैस अवेळी गाभडली, तिचा वार उघड्या हातांनी काढला, किंवा न तापवलेले दूध प्यायले गेले, तर हे जंतू माणसात येतात आणि कमरेच्या मणक्यांत किंवा कमरेखालच्या त्रिकास्थीच्या सांध्यांत जाऊन बसतात. चढउतार होणारा ताप, घाम, थकवा आणि सांधेदुखी ही त्याची लक्षणे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तरुण गवळ्याला मी तीन महिने गादीचा रुग्ण समजून व्यायाम आणि वेदनाशामके देत होतो. मध्ये मध्ये ताप येतो असे तो सांगत होता, आणि पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे मी ते मनावर घेतले नाही. शेवटी त्याच्या बायकोने गोठ्यातली म्हैस गाभडल्याची गोष्ट सहज बोलण्यात काढली. रक्ततपासणी झाली, आणि बरा होण्यासाठी त्याला तीन महिन्यांहून अधिक काळ प्रतिजैविके घ्यावी लागली. तेव्हापासून कंबर दुखते म्हणणाऱ्याला मी गोठ्याविषयी विचारल्याशिवाय सोडत नाही. आपल्याला गेल्या वर्षभरात असा ताप आला असेल किंवा वजन उतरले असेल, तर पुढचे सारे बाजूला ठेवून आधी रक्त तपासून घ्यावे. तसे काही नसेल तर ही शंका मनातून काढून टाकावी आणि घरात दूध मात्र नेहमी उकळूनच घ्यावे.

तिसरी जात सुजेच्या संधिवाताची आहे, आणि ती आपल्या वयात सुरू होण्यापेक्षा विशी-तिशीत सुरू होते. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचे गाव असल्यामुळे सैन्यभरतीची तयारी करणारी मुले माझ्याकडे पुष्कळ येतात, आणि कंबर दुखली की धावण्यामुळेच दुखली असे सर्वांनी धरून चाललेले असते. त्यांतला एखादाच वेगळे सांगतो, की पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी असते आणि धावून आलो की मोकळी होते. आरामाने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी अशी ही कंबरदुखी तीन महिन्यांपेक्षा जास्त चालली, तर ॲंकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा आजार मनात आणलाच पाहिजे. त्याला एचएलए-बी २७ ही रक्ततपासणी आणि त्रिकास्थीच्या सांध्यांचा एमआरआय उपयोगी पडतो, आणि उपचार संधिवाततज्ज्ञांकडे असतात. अधूनमधून डोळा लाल होऊन दुखत असेल तर शंका आणखी पक्की होते. आपले दुखणे टेम्पो चालवून आणि वजन उचलून वाढते आणि आडवे झाल्यावर उतरते, म्हणून या वाटेने जाण्याचे मला कारण दिसत नाही.

चौथी जात शीर दाबली जाण्याची, म्हणजे खऱ्या सायटिकाची. यात कमरेपेक्षा पायच अधिक दुखतो. कळ विजेसारखी गुडघ्याखाली, पोटरीतून पावलापर्यंत जाते, खोकताना-शिंकताना वाढते, आणि मुंग्या किंवा बधिरपणा पावलाच्या ठरावीक भागात असतो. आपले दुखणे मांडीतच थांबते. कमरेचे स्नायू, सांधे आणि गाद्या यांच्या वेदना कुल्ल्यात आणि मांडीत पसरतात, कारण मेंदूला त्या भागातून येणाऱ्या संदेशांची जागा नेमकी ओळखता येत नाही. पाय दुखला की शीर दबली असा अर्थ सरसकट काढू नये.

राहिली पाचवी आणि सर्वांत मोठी जात, जिला आम्ही विशिष्ट कारण न सापडणारी कंबरदुखी म्हणतो. हे नाव ऐकून रुग्ण नाराज होतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. पण कारण सापडत नाही याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा नसतो. स्नायू, अस्थिबंध, गादी आणि मणक्यांचे लहान सांधे यांपैकी नेमके कोण ओरडते आहे हे कोणत्याही चाचणीने खात्रीने सांगता येत नाही, आणि सांगता आले तरी उपचार फारसा बदलत नाही. जगभरातल्या कंबरदुखीपैकी बहुसंख्य याच गटात मोडते. आपलेही याच गटात बसेल असे मला वाटते, अर्थात प्रत्यक्ष तपासणीत पायाची ताकद पूर्ण आढळली तर.

पण मग ते १४ महिने का टिकले? साधी उसण सहसा काही आठवड्यांत ओसरते, आणि बारा आठवड्यांपलीकडे गेली की तिला आम्ही जुनी म्हणतो. जुन्या दुखण्यात मूळची इजा बहुतेक भरून आलेली असते, पण तिथल्या संवेदना वाहून नेणाऱ्या यंत्रणेला जास्त जागरूक राहण्याची सवय लागलेली असते. रात्री कुत्रा एकदा खराच चोरावर भुंकतो आणि मग आठवडाभर प्रत्येक पाचोळ्यावर भुंकत राहतो, तसे हे आहे. त्यात विश्रांतीने स्नायू दुबळे होतात, अपुरी झोप वेदना वाढवते, टेम्पोची तासन्‌तास लागणारी थरथर पाठीला थकवते, आणि कर्जाची वा घरातली काळजी असेल तर तीही भर घालते. मनाचा भाग आहे म्हटले की आपल्याकडे लोकांना नाटक करतो असा आरोप केल्यासारखे वाटते. माझा तसा हेतू नाही. पोटात आग पडली की काळजीने ती वाढते हे जसे सर्वांना मान्य आहे, तसेच पाठीचेही आहे.

आता उपचार. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत दुखण्याविषयी नीट समजावून सांगणे, व्यायाम, मालिशीसारखे काही शारीरिक उपचार, गरजेप्रमाणे मानसिक आधाराचे उपचार आणि सूजविरोधी वेदनाशामके यांना जागा दिली आहे. कमरेचे पट्टे, वजन लावून ताण देणे आणि अफूच्या जातीची वेदनाशामके नेहमीचा उपचार म्हणून देऊ नयेत, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून आपला पट्टा सुटला पाहिजे, पण एकदम नको. पहिला आठवडा फक्त टेम्पोत आणि कॅन चढवताना बांधावा, दुसऱ्या आठवड्यात फक्त कॅन चढवताना, आणि नंतर खुंटीला. सक्त विश्रांतीचा सल्लाही आता जुना झाला आहे. १९८६ मध्येच असे दिसून आले होते की ताज्या कंबरदुखीतसुद्धा सात दिवस अंथरुणावर काढणाऱ्यांना दोन दिवस काढणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा होत नाही, उलट त्यांचे कामाचे दिवस अधिक बुडतात.

रात्रीच्या ज्या गोळीने झापड येते, ती आपण लिहिलेल्या नावावरून प्रीगॅबालिन आहे. हे औषध काही प्रकारच्या मज्जातंतूंच्या वेदनांवर चांगले आहे, पण खऱ्या सायटिकावरही ते औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही असे २०१७ च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत आढळले, आणि आपल्याला तर सायटिका असल्याचे दिसत नाही. पहाटे अंधारात आणि धुक्यात दुधाचा टेम्पो चालवणाऱ्याने झापड आणणारी गोळी घेणे कंबरदुखीपेक्षा अधिक धोक्याचे आहे. मात्र ती मनाने एकदम बंद करू नये. ज्यांनी लिहून दिली त्यांना भेटून मात्रा उतरवत नेऊन थांबवावी. दुखणे उसळेल तेव्हा सूजविरोधी वेदनाशामक जेवणानंतर चार-सहा दिवस घ्यायला हरकत नाही, पण रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पित्ताचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको, आणि दुकानातून महिनोन्महिने आणून खाणे कोणालाच नको. मणक्यातल्या इंजेक्शनांचा उपयोग पायात उतरणाऱ्या तीव्र सायटिकात काही आठवड्यांच्या आरामासाठी होतो. आपल्याला मी ते देणार नाही.

शस्त्रक्रियेविषयी मी स्वतः शस्त्रक्रिया करणारा असल्यामुळे मोकळेपणाने लिहितो. नसांचा जुडगा दाबला जाणे, पावलाची ताकद उतरत जाणे, आणि सहा ते बारा आठवडे वाट पाहूनही जीव नकोसा करणारी व एमआरआयशी तंतोतंत जुळणारी पायातली कळ, अशा वेळी शस्त्रक्रिया उत्तम काम करते. तिथेही घाई किती करावी हा प्रश्नच आहे. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांना शक्य तेवढे थांबवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पायाचे दुखणे लवकर थांबले, परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक आपण बरे झालो असे सांगत होते. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मध्येच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. आपला तर पाय नव्हे, कंबर दुखते आहे, आणि केवळ कमरेच्या दुखण्यासाठी फुगलेली गादी कापून काढल्याने लाभ होईल याला मला आधार दिसत नाही. म्हणून आपल्याला आज शस्त्रक्रियेची गरज आहे असे मला वाटत नाही. मनात शंका असेल तर त्या डॉक्टरांना एवढेच विचारावे, की ही शस्त्रक्रिया माझ्या कोणत्या लक्षणासाठी आहे, आणि न केल्यास काय बिघडेल.

आता जे करायचे ते. कोणता एक व्यायाम सर्वांत श्रेष्ठ, याचे उत्तर नाही. जो नेमाने होतो तोच लागू पडतो. म्हणून मी वेगळ्या चटईवरचे दहा व्यायाम लिहून देण्यापेक्षा रुग्णाचा दिवसच हातात घेतो. आपण पहाटे साडेचारला उठून लगेच उकिडवे बसून दूध काढता. रात्रभर आडवे राहिल्याने गाद्या पाणी शोषून घेतात आणि सकाळी त्या फुगून ताठ असतात (माणूस सकाळी सेंटिमीटरभर उंच असतो तो यामुळेच), म्हणून पहिल्या अर्ध्या तासात वाकणे त्यांना सर्वांत जड जाते. उठल्यावर आधी वैरण टाकणे, गोठ्यात फेऱ्या मारणे, तोंड धुणे ही उभ्याची कामे उरकावीत आणि धारेला नंतर, तीही वीतभर उंचीच्या पाटावर बसून, लागावे.

मग चालणे. बेळगावात दूध उतरवून झाले की टेम्पो लावून दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे, आणि दर आठवड्याला तीन-चार मिनिटे वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास इथवर यावे. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ लोकांवर अशी चालण्याची चाचणी झाली. चालणाऱ्यांचे दुखणे परत येईपर्यंत मध्यमानाने २०८ दिवस गेले, न चालणाऱ्यांचे ११२ दिवसांतच परतले. चालण्याला पैसा लागत नाही, म्हणून कदाचित कोणाला तो उपचार वाटत नाही.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि इथे माझे म्हणणे आपण आजवर ऐकलेल्या सल्ल्यांच्या उलट आहे. वजन उचलणे कायमचे सोडू नये, ते पुन्हा शिकावे. ४० लिटरचा भरलेला कॅन एकट्याने टेम्पोत चढवणे धडधाकट पाठीलाही जड आहे, म्हणून तूर्त तो दोघांनी चढवावा. दरम्यान घरी संध्याकाळी बादलीत पाच लिटर पाणी घेऊन, पाय खांद्याइतके फाकवून, कुल्ले मागे नेत आणि बादली अंगाजवळ ठेवून ती आठ-दहा वेळा उचलावी व ठेवावी. आठवडाभर नीट जमले की सात लिटर, मग दहा, मग पंधरा. जोडीला उताणे झोपून गुडघे वाकवून कुल्ले वर उचलणे, आणि पालथे झोपून कोपरांवर छाती उचलणे एवढे दोन प्रकार पुरेत. मध्ये एखाद दिवस दुखणे वाढेल. त्या वेळी ‘गॅप वाढला’ असे समजू नये. दोन दिवस वजन निम्म्यावर आणावे आणि पुन्हा होते तिथून पुढे जावे. असे सहा ते बारा आठवडे केल्यावर बहुतेकांना फरक जाणवतो, आणि तो आधी झोपेत व कामात दिसतो, दुखण्यात नंतर. जुलैत रोपलावणी येईल तेव्हा दिवसभर एकदम चिखलात वाकून उभे राहू नये. पहिल्या दिवशी तासभर, मग हळूहळू वाढवत न्यावे, आणि दर वीस मिनिटांनी बांधावर येऊन कमरेवर हात ठेवून चार वेळा मागे वाकावे. आपल्या भागातल्या जुन्या बायका हे न शिकवता करतात.

टेम्पोची सीट शक्य तर पुढे घ्यावी, म्हणजे क्लच दाबताना कंबर खेचली जाणार नाही, आणि दर तासाला उतरावे. तंबाखू-विडी असेल तर ती सोडावी, कारण धूम्रपान करणाऱ्यांत कंबरदुखी अधिक आढळते. हाडवैद्याकडून मालिश करून घेतल्याने बरे वाटत असेल तर माझी हरकत नाही, पण मणक्याला जोराचा झटका देऊ देऊ नये, विशेषतः तापाचा आणि वजनाचा प्रश्न निकालात निघेपर्यंत.

घराण्याविषयी विचारलेत, त्याचे उत्तर अंशतः होकारार्थी आहे. फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात, एक भाऊ जड कामाचा आणि दुसरा बैठ्या कामाचा असला तरी दोघांच्या गाद्यांची झीज बरीच सारखी आढळली. म्हणजे झिजेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि मेहनतीचा आपण समजतो त्यापेक्षा लहान. शेतीने पाठ खराब केली असे मानून शेती सोडण्याचे कारण नाही. पण झीज आणि दुखणे एक नव्हेत, हे वर आलेच आहे.

आईंचे दुखणे मात्र आपल्यापेक्षा वेगळे असावे असे मला वाटते. देवळापर्यंत चालताना दोन्ही पाय भरून येतात, पायरीवर पुढे वाकून बसल्या की दोन मिनिटांत मोकळे होतात, आणि काठीवर वाकून चालताना बरे वाटते असे आपण लिहिले आहे. वयोमानाने मज्जातंतूंची नळी अरुंद झाल्याचे हे लक्षण असते. व्यायामाने काहींना पुरेसा आराम मिळतो आणि न मिळाल्यास त्या वयातही शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. त्यांची उंची कमी झाली आहे आणि पाठीला बाक आला आहे, त्यावरून हाडे ठिसूळ होऊन एखादा मणका खचला आहे का हे एक्स-रेने पाहावे लागेल. आणि मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती त्या घेत असलेल्या, आठवडी बाजारातून आणलेल्या, घेताच दोन तासांत दुखणे थांबवणाऱ्या पुडीची. अशा बेनामी पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते दुखणे थांबवते आणि हाडे पोखरते, साखर व रक्तदाब वाढवते, आणि बरेच महिने घेतल्यावर एकदम बंद केले तर शरीराचे स्वतःचे संप्रेरक अपुरे पडून जिवावर बेतू शकते. त्यामुळे पुडी आजच फेकून देऊ नये. आठवडाभरात त्यांना एखाद्या फिजिशियनला दाखवावे, आणि जाताना उरलेल्या पुड्या वेष्टनासकट बरोबर न्याव्यात.